आत्याच्या लॅपटॉपमधला सीमॉस सेल

साताऱ्याला माझी आत्या तिच्या सोसायटीची खजिनदार आहे. मेंटेनन्सच्या पावत्या ती एक्सेलमध्ये बनवते, प्रिंट काढून सही-शिक्का करून घरोघरी पोचवते. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पावती परत घेऊन आले. तारीख होती १/१/२०१२. "वहिनी, तेव्हा इथे ऊस होता हो," म्हणाले आणि हसले. आत्याला मात्र ते चांगलंच झोंबलं.

तिचा मला फोन आला तेव्हा निदान आधीच झालेलं होतं. "अरे, लॅपटॉपला व्हायरस लागलाय. बँकेची साइट उघडतच नाही. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो." तिथल्या एका दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच मदरबोर्ड गेल्याचं सांगून टाकलं होतं. एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या, असा सल्लाही वर दिला होता.

मी विचारलं, "सकाळी चालू केलास की तारीख काय दिसते?"

"रोज एक जानेवारी. लक्षात आलं की मी बदलते, दुसऱ्या दिवशी परत तेच."

"आणि दिवसभर?"

"दिवसभर बरोबर चालतं की."

म्हणजे घड्याळ चालतंय, फक्त रात्री मरतंय. व्हायरसला रात्र-दिवस कळत नाही. मग मी चार्जरचं विचारलं. लॅपटॉपची मोठी बॅटरी दीड-दोन वर्षांपूर्वीच निकामी झाली होती, तेव्हापासून सगळं काम चार्जर लावूनच. संध्याकाळी काम आटोपलं की भिंतीवरचं बटण बंद. गीझर, टीव्ही, मिक्सर, सगळ्यांनाच तिच्याकडे हा नियम आहे.

इथे थोडं आतलं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लॅपटॉप पूर्ण बंद असतानाही बोर्डावरचं एक छोटं घड्याळ चालूच असतं. त्याच्या क्वार्ट्झ स्फटिकाची कंपनं सेकंदाला ३२,७६८. हा आकडा दोनाचा पंधरावा घात, म्हणून पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद हाती येतो; मनगटी घड्याळातही तेच असतं. या घड्याळाला वीज लागते अगदी किरकोळ, काही मायक्रोअँपिअर. चार्जर लावलेला असेल किंवा मोठ्या बॅटरीत जीव असेल तर बहुतेक लॅपटॉपमध्ये ती तिथूनच मिळते. दोन्ही नसतील तेव्हाच तीन व्होल्टचा बटन सेल, म्हणजेच सीमॉस सेल, कामाला लागतो. मोठी बॅटरी ठणठणीत होती तोवर आत्याच्या सेलला फारसं कामच नव्हतं. ती गेली, त्यात रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद, म्हणजे सगळा भार सेलवर आला. आधीच जुना झालेला तो सेल त्यात आटला. सेल मेला की घड्याळ बायोसच्या (मशीन चालू करताच सगळ्यांत आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या) ठरलेल्या तारखेपासून सुरू होतं, बहुधा ते बायोस ज्या सुमारास बनलं त्या वर्षापासून. आत्याचं मशीन आपलं जन्मसाल दाखवत होतं.

बँकेच्या साइटचं कारणही तेच. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं आणि हल्ली ही मुदत साधारण वर्षभराची किंवा त्याहूनही कमी असते. २०१२ सालात वावरणाऱ्या मशीनच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. इंटरनेट जोडल्यावर विंडोज आपणहून वेळ सुधारतं हे खरं, पण मूळ सेटिंगमध्ये पंधरा तासांपर्यंतचाच फरक. बारा-तेरा वर्षांचा फरक दिसला की ते हात वर करतं.

आतेभावाने लॅपटॉप पुण्याला आणून दिला. उघडण्याआधी मी खात्री करून घेतली, कारण तारीख-वेळ चुकणं म्हणजे सेल संपणं असंच नसतं. घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे किंवा मागे दिसत असेल तर सेलला हात लावू नका. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम असल्या की हमखास होणारा हा प्रकार आहे: विंडोज बोर्डावरच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनिचची, आणि दोघं एकमेकांचं खोडत बसतात. रोज दोन-चार मिनिटं मागे पडत असेल तर तेही वेगळं दुखणं. दर वेळी त्याच एका जुन्या तारखेवर कोसळत असेल तर मात्र सेलच. मी वायफाय बंद केलं, बायोसमध्ये जाऊन तारीख लावली, लॅपटॉप बंद करून चार्जर आणि मोठी बॅटरी काढली आणि जेवून आलो. पुन्हा चालू करून थेट बायोसमध्येच पाहिलं. विंडोजपर्यंत जाऊ दिलं तर मधे कुठे वेळ सुधारली गेली का, अशी शंका उरते. काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम बॅड', म्हणजे सेलवर राखलेल्या नोंदींची पडताळणी चुकली, आणि खाली एक जानेवारी.

मग बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला. हे काम कंटाळवाणं आहे आणि करायलाच हवं. १९८४ साली आयबीएमच्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची जी चिप होती, तिच्यात घड्याळ आणि सेटिंग्ज मिळून जेमतेम ६४ बाइट मेमरी होती आणि तीही बॅटरीवर जगायची. बॅटरी गेली की कुठली हार्डडिस्क जोडली आहे हेसुद्धा मशीन विसरायचं. हल्ली बहुतेक सेटिंग्ज फ्लॅश चिपमध्ये असतात, वीज गेली तरी राहतात. आत्याचा लॅपटॉप रोज सकाळी निमूट सुरू होत होता, त्या अर्थी तिच्या सेटिंग्ज शाबूत होत्या. पण चेकसम बिघडलं की काही मशीन्स सगळं मूळपदावर नेतात. सॅटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआयवरून दुसरीकडे गेला की विंडोज निळा पडदा दाखवून बसतं आणि माणसाला वाटतं डिस्क गेली. ज्यांच्या मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) आहे त्यांनी ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमध्ये बदल झालेला दिसला की ते ती मागू शकतं.

आता खरं काम: सेल आहे कुठे?

डेस्कटॉपमध्ये हा प्रश्नच नाही. झाकण काढलं की बोर्डावर चकचकीत दिसतो, नखाने खटका दाबला की बाहेर. लॅपटॉपमध्ये मात्र तो कुठेही असू शकतो. नशीब चांगलं असेल तर रॅमच्या झाकणाखाली. नाहीतर कीबोर्डखाली, हात टेकवतो त्या पट्टीखाली, पंख्याच्या शेजारी. काही मॉडेल्समध्ये तो बोर्डाच्या उलट्या बाजूला असतो, म्हणजे अख्खा मदरबोर्ड बाहेर काढल्याशिवाय दर्शन नाही. अलीकडच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये तर तो नसतोच, घड्याळही मोठ्या बॅटरीवरच चालतं. अशा मशीनमध्ये सेल शोधत बसलात तर दिवस फुकट जाईल.

म्हणून आधी मॅन्युअल. डब्यात येतं ते चार पानी नव्हे, दुरुस्तीवाल्यांसाठीचं. लेनोवो त्याला हार्डवेअर मेन्टेनन्स मॅन्युअल म्हणते, एचपी मेन्टेनन्स अँड सर्व्हिस गाइड, डेल सर्व्हिस मॅन्युअल. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की अनेक मॉडेल्सची पीडीएफ फुकट मिळते. त्यात 'सीमॉस' टाकून शोधलं तर बऱ्याचदा काहीच हाती लागत नाही. 'आरटीसी', 'कॉइन सेल' किंवा 'बॅकअप बॅटरी' टाकून पाहा. आत्याचं मशीन ऑफिसात वापरतात त्या प्रकारचं, जाडजूड. असल्या मशीन्सची मॅन्युअल्स उत्तम असतात. कुठला स्क्रू किती लांब इथपर्यंत सगळं दिलेलं. क्रम होता: मोठी बॅटरी, मग कीबोर्ड, मग हाताची पट्टी, आणि तिच्याखाली वायफाय कार्डाच्या शेजारी सेल.

डायनिंग टेबलवर जुनी चादर अंथरली. चार्जर काढून, मोठी बॅटरी काढून, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. ज्या लॅपटॉपची मोठी बॅटरी आतच असते, त्यांनी खालचं झाकण उघडल्या उघडल्या आधी तिचा प्लग काढावा, मगच पुढे. अंगातली स्थिर वीज घालवायला मी स्टीलच्या नळाला हात लावून आलो.

स्क्रूंच्या बाबतीत माझा हट्ट आहे. पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढायचं, जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवायचा. सगळे एका वाटीत जमा केले की परत लावताना लांबडा स्क्रू आखूड भोकात जातो आणि वरच्या पट्टीला आतून टेंगूळ येतं, किंवा थेट बोर्डावर घुसतो. स्क्रूड्रायव्हर नेमका हवा: यातल्या बहुतेकांना फिलिप्स शून्य नंबरचा, मोठ्यांना एक नंबरचा. टीव्हीच्या रिमोटबरोबर आलेला चालणार नाही. एकदा स्क्रूचं डोकं झिजलं की पुढचा सगळा दिवस त्याच्याशी मारामारी.

कीबोर्ड खालून दोन स्क्रूंनी धरलेला होता. त्या भोकांशेजारी कीबोर्डचं बारीक चित्रही छापलेलं. ते काढून कीबोर्ड स्क्रीनच्या दिशेने किंचित सरकवला आणि अलगद उचलला. इथे घाई अजिबात नको, कारण त्याच्या पोटातून एक रिबन बोर्डाकडे गेलेली असते. रिबनच्या सॉकेटवर पट्टीसारखं लॉक असतं. ते नखाने उभं करायचं, मग रिबन आपणहून सैल होते. ओढावी लागत असेल तर लॉक उघडलेलं नाही असं समजायचं. कीबोर्डखाली काय निघालं ते आत्याला सांगितलं नाही. शेंगदाण्याची सालं, तांदळाचा एक दाणा आणि तिची हरवलेली टिकली.

पट्टीचे स्क्रू काढून कडेने जुन्या एटीएम कार्डाने हलके हलके खटके सोडवले. टचपॅडची रिबन सोडवली. आणि मॅन्युअलने सांगितलं होतं बरोबर तिथे, पिवळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात घट्ट गुंडाळलेला, रुपयाच्या नाण्याएवढा सेल. दुहेरी चिकटपट्टीने बोर्डाला चिकटवलेला, त्यातून एक लाल आणि एक काळी वायर निघून इवल्याशा दोन पिनांच्या पांढऱ्या प्लगमध्ये गेलेली. वायरला धरून ओढायचं नाही. प्लगच्या दोन्ही कानांना प्लास्टिकच्या काडीने आळीपाळीने ढकलत बाहेर काढायचा. सॉकेट बोर्डावरून उखडलं तर ते परत जोडायला सोल्डरिंगचा सराव असलेला माणूसच लागतो.

मल्टिमीटर डीसी वीस व्होल्टवर ठेवून मोजलं. १.३ व्होल्ट. नवा सेल तीनच्या थोडा वर दाखवतो, अडीचच्या खाली गेला की बदलायला झाला. हे मोजणं आणखी एका कारणासाठी कामाचं: मेलेल्या सेलमध्येही प्लगची कुठली पिन धन आणि कुठली ऋण हे मीटर सांगतो. लाल काडी कुठे लावली की आकडा उणे चिन्हाशिवाय येतो, ते मी फोटो काढून ठेवलं.

जुना सेल खिशात घालून बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. तिथल्या अरुंद दुकानात काउंटरपलीकडे उभा असलेला माणूस आपण काय मागतो यापेक्षा आपण काय आणलंय यावर जास्त विश्वास ठेवतो, आणि ते बरोबरच आहे.

"लॅपटॉपचा सीमॉस सेल हवाय. वायरवाला."

"जुना आणलाय का?"

मी पुढे केला. त्याने वेष्टनावरचा नंबर वाचला. सीआर२०३२: वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, लिथियमचा. "बरं झालं आणलात. नाहीतर एमएलवाला निघाला असता तर पंचाईत." हे त्याचं म्हणणं महत्त्वाचं आहे. काही जुन्या लॅपटॉपमध्ये एमएल१२२० सारखे चार्ज होणारे सेल असतात. त्या जागी साधा सीआर बसवला तर बोर्ड त्याला चार्ज करायला जाणार, आणि सीआर चार्ज करण्यासाठी नसतो. तो गळू शकतो, फुटूही शकतो. उलट सीआरच्या जागी एमएल टाकला तर त्याला कोणी चार्ज करत नाही आणि तो लवकरच झोपतो. म्हणून जे होतं तेच घालायचं.

साधा सेल चाळीस रुपयांना होता, वायर आणि प्लगसकट दीडशेला. चाळीसचा घेऊन घरी वायरी सोल्डर करता येतील असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. लिथियम सेलला थेट सोल्डरिंग गनचा चटका देणं धोक्याचं आहे. कारखान्यात त्यावर पत्र्याच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने क्षणात चिकटवतात आणि वायर पट्टीला जोडतात. जुन्या पट्ट्या सोलून नव्या सेलला चिकटपट्टीने बांधणारेही असतात. तो जुगाड चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी बोर्डावर सुटून पडतो.

दुकानदाराने दोन्ही प्लग शेजारी धरले, डोळे बारीक केले. "प्लग तोच. पण लाल-काळी उलटी आहे. पिना फिरवून देतो." हा मुद्दा ऑनलाइन मागवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. प्लगचा आकार एकच असला तरी धन कुठल्या बाजूला, याबाबत प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. बहुतेक बोर्डांवर उलटा प्रवाह अडवणारा डायोड असतो, पण त्याच्या भरवशावर सोडण्यासारखी ही गोष्ट नाही. त्याने ड्रॉवरमधून शिवणाची सुई काढली. प्लगच्या पाठीवर दोन बारीक खिडक्या असतात, त्यांतून पत्र्याची जीभ चमकते. सुईने ती दाबली, मागून वायर ओढली, पिन अलगद बाहेर आली. दुसरीही तशीच. मग जागा बदलून दोन्ही आत ढकलल्या. प्रत्येक वेळी 'टक्' असा आवाज. बोलता बोलता केलं त्याने हे, मान वर करून दुसऱ्या गिऱ्हाइकाला एलईडी पट्टीचा भाव सांगत. त्याच्याच मीटरवर मोजून दाखवलं: ३.२.

दुकानात उभ्या असलेल्या एका मुलाने विचारलं, "काका, हा सेल काढला की बायोसचा पासवर्ड जातो ना?" सेकंडहँड लॅपटॉप घेणारे बरेच जण याच आशेवर असतात. जुन्या डेस्कटॉपमध्ये जायचा. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, त्याला सेलशी काही देणंघेणं नाही. "पासवर्ड ज्याने घातला त्याच्याकडून मशीन घे," दुकानदार म्हणाला.

बसवणं हे सगळ्यांत सोपं. प्लग हलक्या हाताने दाबून बसवला, नवी दुहेरी चिकटपट्टी लावली, वायर खटक्यांखाली चिरडणार नाही अशी वळवली. वेष्टनावर मार्करने महिना-साल लिहिलं. पट्टी, कीबोर्ड, स्क्रू, सगळं पुठ्ठ्यावरच्या चित्राप्रमाणे उलट क्रमाने. पहिल्यांदा चालू करताना पडदा नेहमीपेक्षा जास्त वेळ काळा राहू शकतो, तेव्हा बटण दाबून बंद करायचा मोह आवरावा. थोड्या वेळाने चेकसमचा संदेश आला, तो एकदा येणारच. बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावली, मोबाईलमधल्या फोटोंशी एकेक पान ताडून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. मग चार्जर काढून, मोठी बॅटरीही बाहेर ठेवून लॅपटॉप रात्रभर कपाटात ठेवला. सकाळी तारीख आजची, वेळ मोबाईलशी मिळती.

जुना सेल मात्र लगेच चिकटपट्टीत गुंडाळून वरच्या फळीवर टाकला. घरात लहान मूल असेल तर हे पहिलं काम. मेल्यासारख्या वाटणाऱ्या सेलमध्येही अन्ननलिका भाजण्याइतकी वीज उरलेली असू शकते. वीस मिलिमीटरचा सेल घशात अडकला तर दोन तासांत गंभीर इजा होते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. नंतर तो सेल ई-कचऱ्याच्या पेटीत गेला.

लॅपटॉप घेऊन साताऱ्याला गेलो तेव्हा पावत्यांचं प्रकरणही पाहिलं. आत्याच्या पावतीत तारखेच्या घरात टुडे हे सूत्र होतं. म्हणजे घड्याळ बरोबर असलं तरी जुनी पावती पुन्हा उघडली की तिच्यावर आजची तारीख पडणार. तिला कंट्रोल आणि अर्धविराम एकत्र दाबून पक्की तारीख टाकायला शिकवलं. २०१२ च्या तारखा पडलेल्या फायली मात्र तिने स्वतःच, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींवरून एकेक जुळवून घेतल्या. मला हात लावू दिला नाही.

"रात्री बटण चालू ठेवलंस तर हा सेल खूप वर्षं जाईल," मी म्हणालो.

"आणि वीज कडाडली तर? काही नको."

हिशेब मांडून पाहिला. सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळाला पाच मायक्रोअँपिअर धरले तर ४४,००० तास. दिवसातले अठरा तास भार सेलवर, म्हणजे सहा वर्षांच्या वरच. तिच्या बटणाच्या नियमासकट. त्याआधी विंडोजचंच बघावं लागेल. विंडोज १० च्या सुरक्षा अपडेट्सची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि हे मशीन अकराच्या अटींत बसत नाही. लिनक्स मिंट टाकून द्यावं असं माझ्या मनात आहे. फक्त तिचा पावत्यांचा प्रिंटर त्यावर चालतो का, ते आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहायचं आहे.